पूजेत ठेवलेली काळी डबी

ती घटना विसरता आली असती तर मी सुखाने झोपलो असतो. निवृत्तीला आता काही वर्षं झाली. खुनाच्या कित्येक गुन्ह्यांचे तपशील डोक्यातून पुसट झाले, पण तळहातावर मावेल एवढी एक काळी डबी आजही डोळ्यांसमोरून जात नाही.

नांदेडहून लातूरकडे जाणाऱ्या रस्त्यावरच्या एका ठाण्याचा मी प्रभारी होतो. ठाण्याचं नाव सांगत नाही, माणसांचंही नाही. आमच्या हद्दीत केळीच्या बागेत एका सालगड्याला मारून टाकलं होतं. तिघांवर संशय होता. दोघांना आम्ही पकडलं. तिसरा, म्हणजे बागमालकाचा थोरला मुलगा, फरार होता. साक्षीदार एकच. केळीचे घड वाहायला आलेली पस्तिशीतली एक मजूर बाई. घडांच्या ढिगाआड बसून तिने सगळं पाहिलं होतं आणि ती तिथे होती हे मारणाऱ्यांना ठाऊक नव्हतं.

आठ दिवसांनी ती आपणहून आली. म्हणाली, "साहेब, सांगते. पण माझं नाव फुटलं तर मला जित्ती ठेवणार न्हाईत ते."

मी तिला शब्द दिला. आमच्या एका महिला पोलिसासमोर तिचा जबाब कॅमेऱ्यावर घेतला. नेहमीच्या सवयीने मी आधी विचारलं, नाव काय, गाव कोणतं, सध्या मुक्काम कुठे. तिने सांगितलं, दसऱ्यानंतर न्यायाधीशांपुढे जबाब होईपर्यंत ती लातूरला बहिणीकडे राहणार आहे. गल्ली सांगितली, कोपऱ्यावरच्या पिठाच्या गिरणीची खूणही सांगितली. हे सगळं माझ्याच आवाजातल्या प्रश्नांसह कॅमेऱ्यात गेलं.

आमच्या संगणकाच्या खोलीत दिवसभर माणसांची ये-जा. म्हणून मी तिथल्या जमादाराला सांगितलं, "हे हार्ड डिस्कवर घे आणि संगणकातून, कॅमेऱ्याच्या कार्डातून पुसून टाक." त्याने तसं केलं आणि 'बॅकअप घेतला साहेब' असं सांगितलं. मीही मान डोलावली. बॅकअप म्हणजे दुसरी प्रत, एवढं साधं मला तेव्हा सुचलं नाही. आम्ही असलेली एकुलती एक प्रत एका जागेवरून उचलून दुसऱ्या जागी ठेवली होती, तीही पासवर्ड न घालता. आमच्या ठाण्यात त्या हार्ड डिस्कला सगळे डबीच म्हणत. डबी म्हटलं की कपाटात टाकली, कपाट लावलं, विषय संपला.

मग खंडेनवमी आली. ठाण्यात शस्त्रपूजा म्हणजे मोठा थाट. टेबलावर पांढरी चादर, तिच्यावर रायफली, बेड्या, वायरलेस संच. ज्याच्या हातात जे हत्यार तो ते पूजेला मांडतो. आमच्या संगणकाच्या जमादाराचं हत्यार कुठलं? त्याने भक्तिभावाने लॅपटॉप मांडला आणि त्याच्या शेजारी ती डबी, वर झेंडूचं फूल. हळदकुंकू इतकं वाहिलं की डबी पिवळीलाल झाली. प्रसादाला शांतता समितीची माणसं आली, गावोगावचे पोलीस पाटील आले. पूजेला बसवलेल्या वस्तू दुसऱ्या दिवशीपर्यंत हलवायच्या नाहीत, हा रिवाज. पहाऱ्यावरच्या शिपायाने संध्याकाळी आणि सकाळी रायफली मोजल्या. डबी कुणी मोजली नाही.

दसऱ्याच्या सकाळी पूजा उचलताना ती जागेवर नव्हती.

मला आधी नुसता राग आला. सरकारी वस्तू हरवली, चौकशी लागेल, एवढंच डोक्यात. तेवढ्यात ठाण्याचा फोन वाजला. नांदेडमधला एक संगणक दुरुस्तीवाला होता.

"साहेब, सकाळी दुकान उघडायच्या आधीच दोघं दारात बसले होते. एक काळी डबी उघडून मागितली. आत काय हाय मला काय म्हाईत? उघडून दिली. त्यात एक बाई बोलून राहिली होती, मागं तुमच्या ठाण्याचा फलक दिसला. त्यांनी ते दोनदा लावून ऐकलं. लातूरचं नाव आलं तसं उठले अन् निघाले. मला लई भ्या वाटून राहिलंय."

"किती वेळ झाला?"

"तास झाला असंल."

डबी हरवली याचं भय तिथेच संपलं. ती सापडली होती, आणि नको त्यांना सापडली होती. बाईचा फोन लावला, बंद. तिच्या बहिणीचा लावला, तोही बंद. लातूरला कळवलं. तिथे मिरवणुकीचा बंदोबस्त होता, तरी त्यांनी एक हवालदार पाठवतो म्हणून सांगितलं.

आता ते दोघे कोण आणि कशावर बसून गेले, हे कळायला हवं होतं. नेमका त्याच वेळी बागमालकाच्या गावचा पोलीस पाटील आपट्याची पानं घेऊन माझ्या खोलीत शिरला. "सोनं घ्या साहेब, सोन्यासारखे राहा." नोकरीत मी एक पाहिलंय, ज्याच्या मनात खोट असते तो दुसऱ्या दिवशी सगळ्यांच्या आधी रामराम घालायला येतो. पानं द्यायला तो वाकला आणि त्याच्या नव्या पांढऱ्या सदऱ्याच्या खिशावर मला डाग दिसला. पूजेला आलेल्या प्रत्येकाच्या बाहीवर, छातीवर थोडी हळद लागतेच. पण हा डाग धुऊन फिका झाला असला तरी आतून उमटलेला होता आणि चारही कोपऱ्यांनी नीट चौकोनी होता.

मी दार लावून घेतलं. "पाटील, काल खिशात काय होतं?"

"कुठं काय? तंबाखूची डबी."

"तंबाखूच्या डबीची कुणी पूजा करतं का?"

मी ओरडलो नाही, हातही लावला नाही. एवढंच म्हणालो, "त्या बाईच्या जिवाला काही झालं तर खुनाच्या गुन्ह्यात चौथं नाव तुमचं असेल. माझ्याकडे घटकाभरही वेळ नाही."

खुर्ची धरून तो खाली बसला. "साहेब, मी जमादाराला इचारलं, ह्यात काय हाय? ते म्हणले, सगळ्या केशींचा बॅकअप. मालक रोज इचारीत होते, कोण बोललं, कोण बोललं. मी नेऊन दिली. बाईमाणूस हाय हे मला म्हाईत नव्हतं, आईच्यान."

"कोण गेलंय?"

"थोरला. अन् त्याचा साडू. काळ्या मोटारसायकलवर."

स्टेशन डायरीत नोंद करायला सांगून मी जीपमध्ये बसलो. पुढे चालक, मागे दोन जवान आणि जबाब घेणारी ती महिला पोलीस. रस्त्याने दसऱ्याची गर्दी, झेंडूच्या माळा घातलेले ट्रॅक्टर वाट देईनात. अर्ध्या वाटेत लातूरच्या हवालदाराचा फोन आला. "साहेब, घराला कुलूप हाय. शेजारची म्हातारी म्हणती, मघाशी दोघं येऊन गेले, हिचंच नाव इचारत होते. पुढं काही सांगत न्हाई."

मी भित्रा माणूस नाही. पण त्या तासाभरात डोळ्यांसमोर सारखी ती केळीची बाग येत राहिली. तिने तोंड उघडलं ते माझ्या शब्दावर. तिचा पत्ता मीच विचारला होता, आणि मीच तो हरवला होता.

गल्लीत पोचलो. म्हातारी उंबऱ्यावर बसलेली. मी विचारलं, तिने मान फिरवली. आमची महिला पोलीस पुढे झाली, हात जोडून म्हणाली, "जय भीम आजी."

म्हातारीने तिला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. "जय भीम बाई. तू आपली हाईस तर सांगते. दोघी बहिणी कालच्या गाडीनं नागपूरला गेल्या, दीक्षाभूमीवर. आज काय हाय, ठाऊक न्हाई का तुमच्या साहेबाला? त्या दोघांला म्या न्हाई सांगितलं. त्यांची नजर बरी नव्हती."

मी तिथेच पायरीवर बसलो. त्याच दिवसासाठी या महिला पोलिसाने आठवड्यापूर्वी रजेचा अर्ज दिला होता. नागपूरला जायचंय, असं लिहिलेलं. बंदोबस्ताचं कारण देऊन मीच तो नामंजूर केला होता. माझ्या लेखी दसरा म्हणजे शस्त्रं, मिरवणूक आणि कोर्टाची सुट्टी. ज्या बाईचा जीव माझ्या हवाली होता, तिचा दसरा कोणता, हे मी तिला विचारलंच नव्हतं.

ते दोघे लांब गेलेच नव्हते. गिरणीपलीकडच्या चहाच्या हॉटेलात, कुलपावर नजर ठेवून बसले होते. आम्ही मागच्या बाजूने शिरलो. बाकाखाली पोत्यात गुंडाळलेला कोयता होता. पिशवीत डबी होती, तिच्या फटीत कुंकू वाळून बसलेलं.

तिसऱ्या दिवशी बाई परतली. आम्ही तिला रेल्वे स्टेशनवरूनच घेतलं आणि सुट्टी संपताच नांदेडला न्यायाधीशांपुढे उभं केलं. ती न अडखळता बोलली. त्याआधी, कोर्टाच्या व्हरांड्यात, मी तिला सगळं खरं सांगून टाकलं. डबी कशी गेली, कोणी ऐकली, कोयता कुठे सापडला. माफी मागितली.

चौकशी झाली, मला ताकीद मिळाली, ती योग्यच होती. त्यानंतर जिथे गेलो तिथे दोन प्रती, दोन कुलपं आणि दोन वेगळ्या माणसांकडे किल्ल्या, हा नियम मी सोडला नाही. साक्षीदाराचा पत्ता कॅमेऱ्यापुढे विचारला नाही. आजही खंडेनवमीला घरात सून लॅपटॉप पूजेला मांडते तेव्हा मी शेजारची हार्ड डिस्क उचलून कपाटात ठेवतो. ती हसते. हसू दे. जपून ठेवलेली गोष्ट जितक्या सहज उचलता येते तितक्याच सहज दुसराही उचलतो, हे मला शिकवायला एका बाईचा जीव पणाला लागला होता.

त्या व्हरांड्यात माझं सगळं ऐकून घेतल्यावर ती रागावली नाही, रडली नाही. पदर सारखा करत तिने एवढंच विचारलं, "साहेब, मी औंदा नागपूरला गेलेच नसते तर?"

तेवढ्यात पुकारा झाला आणि ती आत गेली.