खरी वस्ती

मालिका हा समाजाचा आरसा असतो, असं सहायक दिग्दर्शकानं आमच्या घरात, आमच्या सोफ्यावर बसून, आमचा चहा पीत सांगितलं. कप खाली ठेवला आणि म्हणाला, "तेवढा हा सोफा बाहेर काढू या."

विश्रांतवाडीतलं आमचं दोन खोल्यांचं घर. मी खराडीला सॉफ्टवेअर कंपनीत नुकताच लागलो होतो. हा तिथल्या एका सहकाऱ्याचा मित्र. त्याला मालिकेच्या एका भागासाठी 'खरी वस्ती' हवी होती. मी हुरळून हो म्हणालो. हे आधीच कबूल करतो.

आईलाही छोटं काम देणार होते. ती महापालिकेच्या शाळेतून मुख्याध्यापिका म्हणून निवृत्त झालेली. पांढऱ्या साडीला कडक इस्त्री करून सकाळपासून तयार.

प्रसंग असा. श्रीमंत घरातली नायिका वस्तीत येते आणि एका निरक्षर म्हातारीला अक्षरं शिकवते.

"मला बोलायचं काय आहे?" आईनं विचारलं.

"काही नाही मावशी. नुसते डोळे पुसायचे."

फ्रीजवर गोधडी टाकली. मग तो पुस्तकांच्या कपाटासमोर थांबला. "हे कसं चालेल? वस्तीत पुस्तकं कोण ठेवतं?"

पुस्तकं मी काढली. आईनं आयुष्यभर एकेक करून जमवलेली. मोरीत नेऊन रचली. अजून किळस येते ती त्याची नव्हे, माझ्या हातांची.

आतून आई आली. अंगावर त्यांनी दिलेली फाटकी साडी. गालांवर, कपाळावर काळा रंग चोपडलेला. तिचा मूळचा सावळा रंग पुरत नव्हता.

"आत्ता कशा खऱ्या वाटताय!" तो म्हणाला.

आईनं भिंतीवरच्या आरशात पाहिलं. "मळकं तोंड घेऊन आलेल्या पोराला मी आधी नळावर पाठवायचे," ती म्हणाली. "मग वर्गात." आणि स्वतःच मोरीकडे गेली. तिथं तिला पुस्तकं दिसली असणार. फक्त नळाचा आवाज आला.

इकडे तो भिंतीवरच्या निळ्या कोटातल्या फोटोकडे बोट दाखवत होता. "हाही उतरवा. उगाच वाद नको. वाहिनीला फक्त गरिबी हवी आहे."

"फोटो राहील," मी म्हणालो. "तुम्ही निघा."

"अहो, चिडताय काय? आपण तुमचंच तर दाखवतोय!"

"आमचं काही दाखवू नका. सोफा आत आणून ठेवा आणि जा."

सोफा त्यांनी ठेवला. भिंतीकडे तोंड करून.

पुस्तकं आम्ही दोघांनी पुसून पुन्हा लावली. तीन भिजली होती. ती सगळ्यांत पुढे ठेवली आहेत, मला रोज दिसतील अशी. आमची गरिबी यापुढे कुणाला वापरायला मिळणार नाही. आमच्याबद्दल जे सांगायचं ते आम्ही सांगू. तोंड धुऊन, याच कपाटासमोर उभं राहून.

तो प्रसंग त्यांनी नंतर सेटवर झोपडी बांधून केला. म्हातारीचं काम कर्वेनगरच्या एका गोऱ्यापान बाईंनी केलं. वाहिनीच्या समारंभात त्यांना सर्वांत अस्सल अभिनयाचं पारितोषिक मिळालं. रंग उतरवायला तासभर लागला, असं त्यांनी भाषणात सांगितलं.