पानापुरता चष्मा

निपाणीच्या तंबाखूच्या गल्लीत ऊन उतरायचं तेच तपकिरी होऊन. हवेत पानांची बारीक पूड तरंगत असे. भावकूच्या दुकानात टांगलेल्या काचांमधून ते ऊन भिंतीवर पडलं की उजेडाचे गोल डाग पाण्यासारखे हलत राहत. भावकू त्यांच्याकडं बघत बसे. गिऱ्हाईक दारात आलं तरी त्याला पटकन भान येत नसे.

तो उचगावचा, शेतकऱ्याचा मुलगा. बेळगावच्या कॅम्पात डोळे तपासणाऱ्या एका गोऱ्या डॉक्टरच्या हाताखाली तो बारा वर्षं होता. तिथं नंबर काढायला आणि काच घासायला शिकला, आणि १९३६ साली निपाणीत दुकान घातलं. फ्रेम तो स्वतः घडवी. म्हशीचं शिंग पातळ तासून, शेकून, वाकवून. उजेडात धरलं की ते काकवीच्या रंगाचं दिसे.

एका दुपारी अंबुबाई आली. डोक्यावरचा पदर पुढं ओढून बाकाच्या टोकाला बसली. मारुतीरावांच्या वखारीत तंबाखूचं पान निवडणाऱ्या बायकांची ती मुख्य. पानावरचे तांबूस ठिपके बघून कुठलं पान कुठल्या ढिगात, हे ती सांगायची. बावीस वर्षं तिचा शब्द शेवटचा होता.

"अण्णा, वरीस झालं, ठिपकं दिसंनात," ती हळूच म्हणाली. "वासावर भागवत होते. औंदा ढीग मिसळलं. मालक म्हणाले, सोमवारी समोर बसून तुझी निवड बघतो. चुकलीस तर खाली काड्या येचायला बस."

"मग आधी का न्हाय आलीस?"

"चष्मा बाप्यांनी लावायचा. आमाला शोभतंय व्हय?"

भावकूनं तिच्या नाकावर तपासणीची चौकट ठेवली आणि हातात एक पान दिलं. एक काच घातली, काढली, दुसरी घातली. तिसऱ्या काचेला अंबुबाई बोलायची थांबली. पानावर शिरा उमटल्या, शिरांच्या मधे ठिपके आले, जणू संध्याकाळी एकेक करून चांदण्या निघाव्यात तसे. ती बोटानं ते ठिपके मोजायला लागली आणि मोजता मोजता हसली.

शनिवारी ती चष्मा पदरात बांधून घेऊन गेली.

सोमवारी दिवस कलताना परत आली, तेव्हा चष्मा पदरातच होता.

"चुकले," ती म्हणाली. "पाच पानांत चुकले. मालकांनी आठ दिवस दिल्यात, शेवटचं."

"चष्मा लावून चुकलीस?"

"लावलाच न्हाय. मालक म्होरं बसल्यावर डोळ्यावर काच चढवून त्यांच्याकडं बघू? पायात व्हाणा घालून देवळात गेल्यागत वाटलं. काढून ठेवला."

भावकू हसला नाही. कॅम्पातल्या डॉक्टरनं नंबर काढायला शिकवलं होतं, पण हे शिकवलं नव्हतं. तो चार-सहा पानं घेऊन तिच्या समोर मांडी घालून बसला.

"समज, मी मालक. निवड पानं."

"तुमी आन् मालक!" तिला हसू आलं, पण ती निवडू लागली. भावकू नुसता बघत राहिला. पान बघताना तिची नजर खाली उतरे. बोलताना तेवढी वर येई. खाली, वर. खाली, वर. त्याला वाटलं, हिच्या डोळ्याला मधोमध एक रेघ आहे. रेघेखाली काम, रेघेवर माणसं.

त्या रात्री आणि पुढचे तीन दिवस त्याची काच घासायची सहाण फिरत राहिली. त्यानं काचेचा वरचा अर्धा भाग उडवला, कड घासली, आणि शिंगाची चौकट चंद्रकोरीसारखी खाली वळवली.

"ह्ये अर्धंच?" अंबुबाईनं विचारलं.

"पानापुरता चष्मा. मालकाकडं बघताना तुजं डोळं उघडंच."

पुढच्या सोमवारी भावकूला दुकानात बसवेना. तो वखारीच्या दारात जाऊन उभा राहिला. आत पुडीच्या धुक्यात बायका रांगेनं बसल्या होत्या.

"आक्का, नाकावर फुटकी बांगडी लावलीया का गं?" जयाबाई रांगेतून ओरडली. बायका खिदळल्या.

मारुतीराव समोर घोंगडीवर बसले होते. "हे काय, अंबू?"

"पानापुरतं हाय, मालक." तिनं नजर उचलून काचेवरून त्यांच्याकडं पाहिलं. मारुतीरावांनी दोन गठ्ठ्यांतली पानं मिसळून तिच्यापुढं सारली.

ती निवडू लागली. हात संथ चालत होते, झोपेतल्या बाळाला थोपटावं तसे. हसणं थांबलं. शेवटचं पान तिनं उजवीकडं ठेवलं.

"हे डावीकडचं," मारुतीराव म्हणाले.

अंबुबाईनं पान पुन्हा हातात घेतलं, खाली पाहिलं, मग वर.

"न्हाय, मालक. उजवीकडचंच. ठिपकं दाट हायती. बघा."

मारुतीरावांनी पान घेतलं. डोळ्यांजवळ धरलं. मग थोडं लांब. मग आणखी लांब, हात पुरता ताणेपर्यंत. सगळी रांग तो लांब होत गेलेला हात बघत होती. त्यांनी मान किंचित मागं घेतली, आणि डोळे बारीक केले.

मग त्यांनी ते पान उजवीकडच्या ढिगावर ठेवलं.