तिसरा नट

अलिबाग-रेवस रस्त्यावर टॅक्सी चालवायचो त्या काळात माझा एक ठाम समज होता, की गाडीतलं मला सगळं कळतं. गाडी इंग्रजांच्या वेळची, पायाखाली लाकडी फळ्या आणि आवाज भाताच्या गिरणीसारखा. सायलेन्सरचा पाइप इंजिनाला तीन नटांनी धरलेला असायचा. दोन समोर दिसायचे. तिसरा मागच्या अंगाला, इंजिन आणि स्टिअरिंगचा दांडा यांच्या बेचक्यात. पाना तिथे खालून कसाबसा पोचे. पण नट आधी बोटांनी आट्यांवर बसवायला हवा, आणि माझा पंजा वाटेतच अडायचा.

एका दुपारी मी पाइप बदलायला घेतला. दोन नट आवळले. तिसऱ्यासाठी तासभर झगडलो, हात सोलून घेतला, गाडी बनवणाऱ्याच्या सात पिढ्यांचा उद्धार केला आणि नाद सोडला. दोन नटांवर भागेल, म्हटलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी बायकोला रेवसला सोडायचं होतं. ती सातवी पास. शिक्षिकांच्या ट्रेनिंगसाठी तिला मुंबईला मुलाखतीला बोलावलं होतं, त्याच दुपारी. सकाळची लाँच चुकली तर मुलाखत चुकणार, आणि वयाच्या अटीमुळे पुढच्या वर्षी तिला कुणी उभं करणार नव्हतं. निवड झाली तर दोन वर्षं तिकडेच राहायचं. मी तोंडाने ‘जा’ म्हणत होतो. मनातून मला ते अजिबात नको होतं.

गाडीत आणखी एकच उतारू होता, आमच्या गावचा म्हातारा कासार. माल आणायला मुंबईला निघाला होता. आदल्या दिवशी त्यानेच बायकोच्या दोन्ही हातांत हिरव्या बांगड्या भरल्या होत्या. मुलाखतीला जायचं म्हणून नव्या.

खाडीलगतच्या खाजणाच्या बांधाशी आलो आणि गाडी तोफेसारखी वाजू लागली. फळ्यांमधून धूर आला. बॉनेट उघडलं तर पाइप एका बाजूने फाकलेला, गरम वाफारा थेट लाकडावर. तसंच पुढे गेलो असतो तर पेटलोच असतो. मी रस्त्याला शिव्या घातल्या, पाइप विकणाऱ्याला घातल्या. “नट पडला कुठेतरी!” असंही ठोकून दिलं.

बायकोने पदराची गाठ सोडली आणि नट माझ्यापुढे धरला.

“पडला नाही. काल ओटीवर वाटीतच राहिला होता.”

“मग सकाळी बोलली का नाहीस?”

“गाडीच्या बाबतीत तुम्ही कुणाचं ऐकता का?”

ओलं पोतं टाकून पाइप निववला आणि हात घातला. पंजा अडला तो अडलाच. कासाराची बोटं गाठाळलेली, तीही जाईनात. तिकडे भरती भरत आली होती. पाणी उतरायच्या आत लाँच सुटायची.

“सरका,” ती म्हणाली. पण उजव्या हातात कोपराकडे चढलेल्या डझनभर बांगड्या. तिने हात मडगार्डवर आपटायला उचलला तसा म्हातारा ओरडला, “आगो पोरी, थांब! कालच भरलेल्या हायत. वाढवायच्या न्हाय!”

त्याने खोबरेल काढलं, रस्त्यातच फतकल मारली आणि तिचा हात मांडीवर घेतला. “अंगठा आत घे. हात झोपलाय आसा सोड. नेट लावू नुको.” अंगठ्याच्या बुडाशी दाबत, पंजा मळत त्याने एकेक बांगडी उतरवली. एकही पिचली नाही. सवाष्णीचा हात रिकामा नको, म्हणून गाठोड्यातला लाल दोरा मनगटाला बांधला. मग म्हणाला, “आता तसाच घाल हात. ही लोखंडाची बांगडी हाय समज.”

मधल्या बोटाच्या टोकाला ग्रीस, ग्रीसला चिकटलेला नट. अंगठा तळव्यात दुमडून तिने हात बेचक्यात सोडला. माझा जिथे अडायचा तिथून तो पाण्यासारखा आत गेला. पहिल्यांदा नट निसटून धुळीत पडला. तिने पुसला, पुन्हा घातला. डोळे मिटलेले, ओठ घट्ट. नट बोटाने केसभर केसभर फिरवते आहे एवढंच खांद्यावरून कळत होतं.

“लागला,” ती म्हणाली.

मी गाडीखाली पालथा-उताणा होऊन खालून पाना लावला, जरा जरा फिरवत आवळला. असं काम मी तोवर पाहिलं नव्हतं, नंतरही नाही. चालत्या गाडीत म्हाताऱ्याने सगळ्या बांगड्या पुन्हा भरल्या, आणि धक्क्यावर पोचलो तेव्हा लाँचचा भोंगा वाजत होता.

तिची पेटी खाली देताना मला राहवलं नाही. “हात पोचत नव्हता हे खरं. पण तू जाऊ नयेस असंही वाटत होतं. म्हणून सोडला मी तो नट.”

“ठाऊक आहे मला,” ती म्हणाली. नखांत काळं ग्रीस तसंच होतं. “दिवाळीच्या सुट्टीत येईन. तेव्हा ते पुढचे दोनही बघते.”

दिवाळीला ती आली ती ट्रेनिंगची विद्यार्थिनी होऊन. चहासुद्धा न घेता तिने मला बॉनेट उघडायला लावलं. तिचा नट होता तसा घट्ट होता. माझे दोन्ही ढिले झाले होते.