इनासची जागा

बावीस वर्षं दर रविवारी सकाळी सात वाजता बोईसरच्या एका चाळीतून नवराबायको जोडीनं बाहेर पडायची आणि रिक्षा स्टँडपाशी आली की दोन दिशांना जायची. रेजिना डावीकडं, चर्चला. इनास उजवीकडं, अणुकेंद्रातून निवृत्त झालेल्या एका इंजिनिअरच्या फ्लॅटवर. दोघं निघालेली एकाच देवाकडं, पण स्टँडपर्यंत एकमेकांशी चकार शब्द नाही.

इनासचा बाप तारापूरला चर्चची घंटा वाजवायचा. त्यामुळं इनासला सातव्या वर्षीच मिस्सेची, म्हणजे चर्चमधल्या उपासनेची, लॅटिन उत्तरं तोंडपाठ. अर्थ एका अक्षराचा ठाऊक नव्हता. पाद्री वेदीकडं तोंड करून हळू आवाजात प्रार्थना म्हणायचा आणि सगळ्या गावाच्या वतीनं उत्तर द्यायचा एकटा इनास. पुढं रोमच्या हुकमानं लॅटिन गेलं, मराठी आली, पाद्री लोकांकडं तोंड करून उभा राहिला. तारेच्या कारखान्यात फिटर झालेल्या इनासनं तेही गिळलं. घशात अडकली ती एकच गोष्ट, शांतीचा नमस्कार. ऐन मिस्सेत लोक शेजाऱ्यापाजाऱ्याकडं वळून हात जोडतात, तो.

"देव समोर असताना मान वळवायची? हे काय लगीन हाय?" तो म्हणायचा.

एका रविवारी खुद्द रेजिनानं त्याच्याकडं वळून हात जोडले. घरात दोन दिवस भांडण चाललं होतं, ते मिटवावं म्हणून असेल. इनास नाकासमोर बघत राहिला. तिचे जोडलेले हात तसेच थोडा वेळ हवेत राहिले आणि मग खाली गेले. पुढच्या महिन्यापासून तो उजवीकडं वळायला लागला.

फ्लॅटवर टीव्ही हलवून टेबलावर पांढरी चादर घातली की झाली वेदी. महिन्यातून एकदा मुंबईहून एक म्हातारे पाद्री यायचे, बिशपच्या परवानगीशिवाय, आणि जुनी, लॅटिनमधली मिस्सा म्हणायचे. एरवी जपमाळ. माणसं मोजून अकरा. पण तिथं इनासच्या उत्तरांना पुन्हा भाव आला, आणि भाव कोणाला नको असतो? फ्लॅटचा नियम कडक होता. नव्या मिस्सेला पाऊल ठेवायचं नाही.

गेल्या वर्षी रेजिना गेली. तिची मिस्सा चर्चमध्ये झाली. इनासनं नियम पाळला आणि कंपाउंडच्या भिंतीबाहेर, भंगारवाल्याच्या टेम्पोशेजारी उभा राहिला. आतली गाणी ऐकत होता. माणसं आत रडत होती, हा बाहेर. शवपेटी कबरस्तानात नेली तेव्हा मागून चालत गेला. तत्त्व धरावं माणसानं, पण धरायचं किती याला काही माप? सुंभ जळला तरी पीळ जळत नाही, तो हा असा.

मग पीळ धरायलाही कोणी उरलं नाही. इंजिनिअर गोव्याला लेकाकडं गेले. बाकीचे काही वारले, काही पांगले. मुंबईच्या पाद्रींनीच शेवटी बिशपशी समेट केला. तेलही गेलं, तूपही गेलं आणि इनासच्या हाती खरोखरच फ्लॅटवरचं धुपाटणं राहिलं. ते तो रोज पुसायचा. चाळीच्या त्या खोलीत दिवसभर बोलायला दुसरं कोणी नव्हतं.

एका दुपारी चर्चचे फादर धीरज आले. डहाणूकडचे वारली, वय तिशीचं. म्हणाले, "बिशपांनी परवानगी दिलीय. दर महिन्याच्या पहिल्या शनिवारी जुनी मिस्सा, आपल्याच चर्चमध्ये."

"येणार कोण, फादर? मी एकटा."

"तुम्ही उत्तरं द्या. मी मोबाईलवर बघून लॅटिन शिकतोय, चुकलो तर कान पकडा." फादर हसले. "पण त्याआधी रविवारी रेजिनाबाईंच्या वर्षाची मिस्सा आहे. ती मराठीत. ह्या वेळी भिंतीबाहेर नका थांबू."

इनासचा चेहरा पडला. म्हणजे यांना माहीत होतं. रविवारपर्यंत त्यानं नीट जेवण केलं नाही. आत गेलं तर बावीस वर्षं खोटी ठरतात, आणि नाही गेलं तर रेजिना दुसऱ्यांदा एकटी पडते.

रविवारी स्टँडवर येऊन तो डावीकडं वळला. रिक्षावाला म्हणाला, "चाचा, आज इधर?" इनास चर्चकडं चालत राहिला.

चर्चमध्ये कुठं बसावं ते त्याला कळेना. दारातच घुटमळला. तिसऱ्या बाकावरून बुधीनं हात केला. भाजी विकणारी बाई, रेजिनाची शेजारीण. इनास बाकाच्या मधोमध टेकू लागला तशी ती म्हणाली, "तिथं नाय, इनासबाबा. ती रेजिनाची. तुमची जागा कडेला हाय."

"माझी जागा?"

"बावीस वर्सं तिनं कोणाला बसू दिलं नाय तिथं. नमस्काराच्या वेळेला पयला नमस्कार तिकडंच करायची. रिकाम्या जाग्याला. आमी पयले हसायचो. मग नाय हसलो."

इनास कडेला बसला. मिस्सा सुरू झाली. सगळं चर्च एका आवाजात उत्तरं देत होतं आणि आयुष्यभर उत्तरं देणाऱ्या माणसाच्या तोंडून शब्द फुटत नव्हता.

मग फादर धीरज म्हणाले, "एकमेकांना शांतीचा नमस्कार करा."

बाकांवर हालचाल झाली. पुढचे मागं वळले, मागचे बाजूला. देव समोर होता. इनासनं मान वळवली. बुधी सरकून बसली होती, मधली जागा मोकळी होती. त्या जागेला त्यानं हात जोडले, आणि सगळे पुढच्या प्रार्थनेला लागले तरी त्याला ते खाली घेता येईनात.