पट्टीवरचे नऊ आकडे

हे मी कुणालाच सांगितलेलं नाही — बायकोलासुद्धा नाही. पालममध्ये सांगायचं तरी कुणाला? इथे खाडी म्हटलं की लोक तोंडाकडे बघत राहतात.

तरुणपणी मी कोकणात समुद्राच्या नकाशाच्या कामावर होतो. तिथे मला चिकटवलं ते पूर्णेच्या अण्णांनी, आपल्याच जिल्ह्यातला पोरगा म्हणून. खाडीत आकड्यांची पट्टी रोवलेली. दर दहा मिनिटांनी पाणी कुठवर आलं ते वहीत लिहायचं, बस. बोट खोली मोजायची, त्यातून आमचं भरतीचं पाणी वजा व्हायचं आणि अगदी ओहोटीलाही उरेल तेवढीच खोली नकाशावर जायची. त्या आकड्यावर भरवसा ठेवून लोक बोटी हाकतात. एवढं कळत होतं मला. मग?

मग एका दुपारी, भरती निम्मी झालेली असताना, उन्हाच्या झापडीनं मला झोप लागली. जागा झालो तेव्हा नऊ ओळी कोऱ्या होत्या. आणि मी — किती मूर्ख असावं माणसानं! — मोटर लावल्यावर टाकी भरते तसं पाणी सारखं चढलं असणार असं धरलं आणि झोपेआधीच्या नि जागं झाल्यावरच्या आकड्यांतल्या फरकाचे समान वाटे करून लिहून टाकले. समुद्र तसा चढत नाही. मधे धावतो, शेवटी रेंगाळतो. म्हणजे मी पाणी होतं त्याहून कमी लिहिलं, आणि नकाशावर खोली जास्त गेली.

पलीकडच्या काठावरची पट्टी अण्णांकडे होती. दोघांचे आकडे जुळेनात. अण्णांनी मला बाजूला घेतलं. “झोपला न्हाईस ना रं? खरं सांग, मी काय खायलोय का तुला?”

“न्हाई अण्णा.”

कामावरचे साहेब नवे होते. त्यांनी माझी नेटकी वही बघितली, अण्णांचं वय बघितलं आणि अण्णांना घरी पाठवलं. मी तिथेच उभा होतो. तोंड उघडायला काय लागत होतं? आजही चिडचिड होते, पण ती कुणावर काढू? उन्हावर?

गेल्या महिन्यात स्टँडवर अण्णा भेटले. आता फार थकलेत, जाड भिंगांचा चष्मा आहे.

“तवा डोळ्यानंच दगा दिला बग मला,” ते म्हणाले. “लय वर्सं इचार केला. माझंच चुकलं असंल.”

पूर्णेची एसटी अजून लागायची होती. सांगायला वेळ होता. मी त्यांची पिशवी हातात घेतली आणि म्हणालो, “असंल, अण्णा.”