रंगांधळ्या मुलीचा बाप

माझे वडील कोथरूडच्या एका कॉलेजात जीवशास्त्र शिकवायचे. आनुवंशिकतेच्या धड्यात त्यांचा हात कुणी धरू शकत नसे. माझ्या मनात त्यांच्याबद्दल जो राग आहे, तो याच धड्यामुळे.

भावाला मर्चंट नेव्हीत जायचं होतं. वैद्यकीय तपासणीत कळलं की त्याला लाल आणि हिरवा वेगळे ओळखता येत नाहीत. तो रडवेला होऊन घरी आला. बाबा थेट आईकडे वळले.

"तुझ्या माहेरची देणगी. मी नाही, विज्ञान सांगतंय."

जेवताना मग तास सुरू झाला. फार पूर्वी एका इंग्रज रसायनशास्त्रज्ञाला स्वतःलाच रंग नीट दिसत नव्हते. आपल्या डोळ्यातलं पाणी निळं असणार, अशी त्याची समजूत. मेल्यावर डोळा कापून बघा, असं तो सांगून गेला. पाणी स्वच्छ निघालं. पुढे कुणी पांढऱ्या डोळ्यांच्या माश्या पैदा करून दाखवलं, की काही गुण एक्स गुणसूत्रावरून चालत येतात. आणि अगदी अलीकडे त्या रसायनशास्त्रज्ञाच्या जपून ठेवलेल्या डोळ्यातून जनुक तपासलं, तेव्हा दोष त्या एक्सवरच सापडला.

"मुलाला एक्स मिळतो आईकडून," बाबा पोळी मोडत म्हणाले. "म्हणजे गुन्हेगार कोण, हे वेगळं सांगायला नको."

आई ताक वाढत होती. तिनं वाटी भरली आणि आत निघून गेली.

कात्रजला राहणारा मामा खरोखरच रंगांत गोंधळायचा. त्यानंतर तो आला, की बाबा दारातच विचारायचे, "काय, सिग्नल पाळत आलात, की अंदाजानं?" मामा कसनुसा हसायचा. मग त्यानं येणं सोडलं.

मी हिंजवडीत नोकरीला लागले. एका मीटिंगमध्ये मी आलेखातल्या भलत्याच पट्टीवर बोट ठेवून बोलत राहिले. शेजारची मैत्रीण कुजबुजली, "अगं, तो ग्रीन आहे!" डोळ्यांच्या डॉक्टरांनी ठिपक्यांतले आकडे वाचायला लावले आणि म्हणाले, "मुलींमध्ये हे क्वचितच दिसतं. दोन्ही एक्सवर दोष लागतो. तुमच्या वडिलांनाही असणार."

मी तशीच कोथरूडला गेले. फोनवर तसलंच एक चित्र काढून बाबांसमोर धरलं.

"वाचा."

"तीन. हे काय नवीन?"

आई मागून वाकून म्हणाली, "अहो, आठ आहे तो."

बाबांनी पुन्हा पाहिलं. "मोबाईलवर रंग खरे दिसत नाहीत."

"मग डॉक्टरांकडे चला. मलाही रंग दिसत नाहीत, बाबा. एक एक्स आईकडून आला, दुसरा तुमच्याकडून. तुम्हीच शिकवता ना?"

"बापाची परीक्षा घ्यायला आलीस? आल्या वाटेनं परत जा."

आईनं गॅस बंद केला. "माझ्या भावाला फोन करा," ती म्हणाली. "त्याची माफी मागा."

बाबांनी पेपर उघडला. आई तो मिटण्याची वाट बघत तिथेच उभी राहिली. मग तिनं पिशवीत चार साड्या भरल्या आणि माझ्यामागे स्कूटरवर बसली.

वाटेत ती म्हणाली, "तुझं मला लहानपणीच कळलं होतं. तुझे खडू मीच निवडून द्यायचे. त्या घरात आणखी एकाचं हसं व्हायला नको होतं."

मला तिचाही राग आला. इतकी वर्षं तिनं हे का सोसलं? पण मागून तिचा हात माझ्या खांद्यावर घट्ट होता, आणि मी स्कूटर कात्रजकडे वळवली.

आई मामाकडेच राहते. शेजारच्या बायकांना शिवण शिकवते. बाबांनी अजून डोळे तपासलेले नाहीत. ते मला फोन करतात. "तिला म्हणावं, पुरे झालं आता." मी ऐकून घेते आणि फोन ठेवते. निरोप तिच्यापर्यंत पोचवत नाही.