काकाजींनी निवडलेलं बेअरिंग

जळगाव जामोदच्या नामदेव मिस्त्रींना पंचाहत्तर वर्षं पूर्ण होत आहेत म्हणून त्यांच्या हाताखाली शिकलेल्या गॅरेजवाल्यांनी हा गौरवग्रंथ काढला आहे. मला कोणी लेख मागितला नव्हता. मीच संपादकांकडे जाऊन दोन पानं मागून घेतली. मी दहावी शिकलेली, घर सांभाळणारी बाई. हिशेबाच्या वहीपलीकडे कधी काही लिहिलं नाही. चुकलंमाकलं सांभाळून घ्यावं.

आम्ही सगळे त्यांना काकाजी म्हणतो. त्यांची पहिली ओळख झाली ती माझ्या मुलामुळे. महेश सातपुड्यातल्या एका वस्तीवर शिक्षक आहे. तिथला रस्ता म्हणजे दगडगोटे आणि नाले. साध्या गाडीचा निभाव लागेना, म्हणून त्यानं जुनी डर्ट बाईक घेतली. वर्षभरात तिचं हँडल मधोमध अडकायला लागलं. कोणी म्हणालं, आतलं बेअरिंग गेलं. मी बाजारातून स्वस्तातलं बेअरिंग घेतलं आणि ते बसवायला आम्ही मायलेक काकाजींकडे गेलो.

काकाजींनी गाडी ठोकळ्यावर चढवून पुढचं चाक अधांतरी केलं आणि महेशला सोडून मला पुढे बोलावलं.

“बाई, डोये मिटा अन् एका बोटानं हँडल हळूच फिरवा.”

मी फिरवलं. मधे बारीकशी खाच लागली.

“लागलं?”

“लागलं जी.”

“तेच तुमच्या पोराले उतारावर लागते.”

मग त्यांनी मी आणलेली डबी उघडली. आतलं कडं उजेडात धरलं, त्यावरून नख फिरवलं, आणि मलाही फिरवायला लावलं. “पाहा, नख अडकते. नावाचा शिक्काबी पुसट हाय. डबी झ्याक, माल खोटा. अन् हे गोल दाण्याचं हाय. ह्या रस्त्याले लांबट दाण्याचं, रोलरचं पायजे.”

“पण काकाजी, त्याचा भाव किती जास्त!”

“सस्तं पायजे तं भाजी घ्या माय, बेअरिंग नोका घेऊ.”

महेश हसला, मी ओशाळले. त्यांचं गॅरेज पाहिलेल्या प्रत्येकाला ही पद्धत ठाऊक आहे. माल गाडीच्या मालकाच्या बोटाला पटल्याशिवाय ते बसवत नसत. आमच्यासाठी ते स्वतः एसटीनं अकोल्याला गेले. आणलेल्या बेअरिंगचं धूळ अडवणारं रबर एका कडेला दबलेलं दिसलं म्हणून दुसऱ्यांदा जाऊन बदलून आणलं. दसऱ्याच्या गाड्यांनी गॅरेज भरलं होतं, म्हणून डबी माझ्या हाती दिली. “बंदच ठेवजा. सण झाला की बसवतो.”

दसऱ्याला आमच्याकडे हत्यारांची, गाड्यांची पूजा होते. माझ्या मनात आलं, ज्या वस्तूवर लेकराचा जीव अवलंबून आहे तीच पूजेत नको का? मी डबी उघडली. बेअरिंगला काळपट, चिकट तेल होतं. असं मळकं देवापुढे कसं ठेवायचं? मी ते गरम पाण्यानं, साबणानं स्वच्छ धुतलं. पुसलं. हळदकुंकू वाहिलं, वर अक्षता टाकल्या. संध्याकाळी झटकून, घरच्या तेलाचं बोट फिरवून पुन्हा डबीत ठेवलं.

तिसऱ्या दिवशी काकाजींनी डबी उलटसुलट करून पाहिली. तेव्हा त्यांच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू उतरत होता.

“बाई, डबी उघडली होती का?”

महेश शेजारीच उभा होता. मला लाज वाटली. मी म्हणाले, “नाही.”

“तुमी नाही म्हणता तं नाही.” त्यांनी ग्रीस भरलं आणि बेअरिंग बसवलं.

होळीच्या आधी, उतारावरच्या वळणावर हँडल अडकलं आणि महेश नाल्यात पडला. उजवा खांदा मोडला. आज त्याचा हात खांद्याच्या वर जात नाही. फळ्याच्या वरच्या अर्ध्या भागावर त्याला लिहिता येत नाही.

दवाखान्यातून घरी आणताना तो भर चौकात म्हणाला, “आंधळ्या मिस्त्रीनं डुप्लिकेट माल बसवला मले!” मी चार पावलांवर उभी होते आणि गप्प होते. हळूहळू काकाजींच्या गॅरेजात लोक जायचे बंद झाले.

त्याच आठवड्यात मोडलेली गाडी काकाजींनीच मागवून घेऊन उघडली, तेव्हा तिथे मी एकटी होते. रोलर पाण्यानं गंजले होते, ग्रीस लालसर झालं होतं. त्यात एक चिरडलेला तांदूळ होता. काकाजींनी तो बोटावर घेऊन जवळून पाहिला, मग माझ्याकडे पाहिलं. मला रडू फुटलं.

“मी चौकात जाऊन सांगते, काकाजी.”

“काही सांगू नोका. पोरगं खाटेवर पडेल हाय. माह्यावर रागावलं तं एक गिऱ्हाईक जाईल. मायवर रागावलं तं त्याचं घर जाईल.”

त्या दयेचा आडोसा घेऊन मी तीन वर्षं काढली. मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियेनंतरही काकाजींचा एक डोळा वाचला नाही. गॅरेजचं शटर आता उघडत नाही. ते पायरीवर बसून असतात. मी समोरून गेले की एकच विचारतात, “पोराचा हात कसा हाय?” दुसरा शब्द नाही. 

इथवरचा लेख छापायला देण्याआधी मी महेशला वाचून दाखवला. त्यानं कागद माझ्या हातातून घेऊन तांदळाची ओळ पुन्हा वाचली. मग म्हणाला, “काकाजीले माहीत होतं?”

“होतं.”

त्यानंतर तो माझ्याशी बोललेला नाही, आणि काकाजींकडेही गेलेला नाही. छापून आल्यावर गावाला खरं कळेल. पण बंद पडलेलं गॅरेज तेवढ्यानं उघडणार नाही, हे मला कळतं.

देवापुढे बसते, पण स्वतःसाठी मागायला तोंड उरलेलं नाही. काकाजींसाठी तेवढं मागते. त्यांचे गुडघे चालते राहोत, उरलेला डोळा शाबूत राहो, त्यांनी शंभरी गाठावी. माझा मुलगा ज्या दिवशी त्यांच्या पाया पडायला जाईल, त्या दिवशी काकाजी तिथे असावेत, एवढं आयुष्य देवानं त्यांना द्यावं.